फ्रीजरमधले पेढे

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या सईच्या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाचा निकाल होता. इथे टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आपल्या मराठी घरांत वाटायला मी कालच पेढे करून ठेवले होते.

उत्तर होकाराचं नाही, नकाराचंही नाही. अर्ज डिफर झालाय, मार्चमध्ये पुन्हा बघणार.

"अजून चान्स असतो ना गं?" मी विचारलं.

"दाइजोबु," म्हणजे 'ठीक आहे', एवढंच म्हणाली आणि शाळेला गेली. लेक एरवी मराठीत बोलते, विषय संपवायचा असला की जपानीत.

नवरा ऑफिसला. असल्या निकालाचे पेढे कोणाला देणार? सगळे फ्रीजरमध्ये ठेवले.

खरं सांगू? क्षणभर बरंच वाटलं.

डिफर होऊन कुणाच्या मुलांना पुढे प्रवेश मिळालाय का? मिळाला असेल, तर मुलं घरातून गेल्यावर पहिल्या दिवशी कणीक किती मळलीत, तेही सांगा.