तीन पडद्यांवरचा मोडका रस्ता

बुद्धभूषणला आमच्या गल्लीत सगळे भूषण म्हणतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तो वायरमन आहे. सुट्टीच्या दिवशी गल्लीतले पंखे आणि मिक्सर फुकटात दुरुस्त करतो, म्हणून लोक त्याला गरीब स्वभावाचा समजतात. गरीब कसला, एक नंबरचा हट्टी आहे! माझ्या शिलाई मशीनची मोटर त्यानं तीनदा उघडली, का तर तिचा आवाज त्याला पटेना. मला चालत होता तो आवाज.

त्याचे वडील ईश्वरकाका ट्रक चालवायचे. इथल्या चादरी घेऊन पार दिल्लीपर्यंत जायचे. मग साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. क्लच दाबायचा पायच गेला, म्हणून ट्रकही सुटला. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचेही नाहीत. त्यांची बायको केसरबाई माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "पाय गेला त्येचं काय न्हाय गं. आता मानूसच चाललंय हातातनं."

भूषणला लहानपणापासून कॉम्प्युटरवरच्या गेमचं वेड. त्यात ट्रक चालवायचा एक गेम होता. गेममध्ये क्लच आपोआप पडतो म्हटल्यावर याच्या डोक्यात किडा वळवळला. भंगारातून ट्रकची सीट आणली, टेबलाला स्टिअरिंग बसवलं आणि समोर तीन पडदे मांडले. मधला मोठा होता. बाजूचे दोन कारखान्याच्या ऑफिसनं टाकून दिलेले, आकारानं लहान. मग वडिलांना धरून आणलं आणि सीटवर बसवलं.

मी दारातच उभी होते. ईश्वरकाकांनी स्टिअरिंगला हात लावला आणि त्यांची पाठ ताठ झाली. पण जरा पुढं जातात तोच त्यांनी डोळे मिटून घेतले. "रस्ता मोडलाय रं. हितं एक दिसतोय, तितं दुसराच. गरगरतंय मला." खरंच तसं होतं. मधल्या पडद्यावरचा रस्ता बाजूच्या पडद्यावर गेला की पायरी उतरल्यासारखा खाली यायचा. काका पुन्हा भिंतीकडे वळले.

दोष कुठं आहे ते भूषणनं मला समजावून सांगितलं. पडद्यावर चित्र कसं पाठवायचं ते ड्रायव्हर नावाचं एक सॉफ्टवेअर ठरवतं. ते तिन्ही पडदे एकाच मापाचे धरून चालतं. लहानमोठे पडदे जुळवून घ्यायची सोयच त्यात नव्हती, आणि सारखे पडदे आणणं याला झेपणारं नव्हतं. ते ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर लोक आपापल्या मागण्या मांडतात, तिथं यानंही मांडली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हा केसरबाईनं सल्ला दिला. "येकट्याच्या अर्जाला कोन इचारतंय? नळाच्या पान्याच्या टायमाला काय केल्तं आपन? समद्या गल्लीच्या सह्या घे की!"

झालं. रविवारी त्यांच्या घरात रांग लागली. भूषणनं त्याच्या त्या एकाच कॉम्प्युटरवरून प्रत्येकाच्या नावानं खातं उघडलं आणि प्रत्येक नावाखाली एकच मजकूर लिहिला, की आमचीही हीच मागणी आहे, कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा. कोपऱ्यावरच्या सुंदरम्मानं तर जाताना विचारलं, "मग पानी किती वाजता सोडनार?"

दुसऱ्या दिवशी सगळी खाती बंद! भूषणचंही. कारण काय, तर एकच माणूस अनेक नावांनी खोटा पाठिंबा लिहितोय. माझं डोकंच फिरलं. मी खोटी? या गल्लीत उभा जन्म गेला माझा! तिकडं बसून हे कोण ठरवणार? भूषण मात्र मान खाली घालून बसला होता. "ताई, चूक माजीच हाय. पन आता मागायची वाटच बंद झाली की," म्हणाला. त्याला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवस त्यानं कॉम्प्युटरला हातही लावला नाही. मग हट्टानं पुन्हा उचल खाल्ली. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. आधी ईश्वरकाका, स्टिअरिंगवर हात ठेवून, काय दिसतंय ते सांगताना. मग आम्ही सगळे, आपापल्या दारात उभं राहून स्वतःचं नाव सांगताना. सुंदरम्मा लग्नाला नेसायची साडी नेसून आली. खाली इंग्रजीत अर्थ लिहून त्यानं तो कंपनीला ईमेलनं पाठवला.

उत्तर आलं. तिथल्या एका बाईनं लिहिलं होतं की खाती पुन्हा उघडली आहेत, मागणी पुढं पाठवली आहे, पण शब्द देता येणार नाही. मग त्या मागणीखाली कुठकुठल्या देशांतली माणसं लिहायला लागली, आमचेही पडदे लहानमोठेच आहेत म्हणून. भूषण रोज कामावरून आला की आधी ते वाचायचा. ईश्वरकाका ऐकत नाहीत असं दाखवायचे, पण एकदा त्यांनीच विचारलं, "आज कुनी लिवलं का रं?"

पावसाळा गेला, दिवाळी झाली आणि त्या ड्रायव्हरची चाचणीची आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक पडद्याचं माप वेगळं भरता येत होतं. भूषण धावत माझ्याकडे टेप मागायला आला. मी हातातला ब्लाउज टाकून त्याच्या मागंच गेले. त्यानं पडदे मोजले, चौकटी मोजल्या, आकडे भरले.

ईश्वरकाका बसले. गाडी निघाली. वळण आलं, आणि रस्ता या पडद्यावरून त्या पडद्यावर सरळ निघून गेला. आम्ही काकांच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते मिटले नाहीत. घरभर इंजिनाचा आवाज घुमत होता. केसरबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

शेवटी काकांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि मागं न बघताच म्हणाले, "केसर, उद्या सकाळी लौकर उठव मला. लांबचा माल हाय."

केसरबाईनं डोळे पुसले. "मग डब्यात शेंगाचटणी बांदू का?"

"बांद की. आन् चार भाकरी जास्त घाल," काकांनी भूषणच्या खांद्यावर हात ठेवला. "क्लीनर लई खातोय माजा."