‘अर्जदाराची माहिती चुकीची आहे’

पहिल्यांदा मला राग आला तो सेंटरवाल्याचा. गोरेगाव या आमच्या लहानशा गावात अब्बांचं शिलाईचं दुकान, त्याला लागून त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आणि वर माझी खोली. तिथे बसून मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे खालची सगळी भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

त्या दिवशी साखरा गावाकडच्या एका बंजारा तांड्यावरून एक बाई मुलीला घेऊन आली होती. मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात जागा हवी होती. जागा मिळाली तर पुढचं शिक्षण, नाहीतर घर. अर्जाचा शेवटचा दिवस, पाचला साइट बंद होणार. जीपनं मायलेकींची ही तिसरी खेप होती आणि स्क्रीनवर तिसऱ्यांदा तेच लाल अक्षरांत आलं होतं: ‘अर्जदाराची माहिती चुकीची आहे.’

“काहून खोटं सांगून राहिल्या मावशी?” सेंटरवाला ओरडला. “कॉम्प्युटर काय येडा हाय का?”

बाईनं पिशवीतले कागद पुन्हा टेबलावर मांडले, अगदी लाइट बिलापर्यंत. मग हळूच म्हणाली, “आमचंच काई चुकलं असंल. तांडा नका लिवू. गावातच राह्यतो म्हना.”

ऐकून माझं डोकं सणकलं. कुठं काही अडलं की ही माणसं आधी पत्त्यातून स्वतःला खोडतात. आणि रहिवासी दाखल्यावर तर तांडाच लिहिलेला. फॉर्ममध्ये गाव लिहिलं असतं तर कागद तपासताना अर्ज बाद झाला असता. मी जिना उतरून खाली आले आणि सेंटरवाल्याला थांबवलं. ती साइट आमच्याच कंपनीनं बनवलेली होती.

पुण्यातल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “एररच्या नोंदीत काहीच नाही. तुमच्याकडचे लोक फॉर्म नीट भरत नाहीत.”

तुमच्याकडचे लोक! मी म्हणाले, मग चालू साइट मला आतून बघू द्या. कुरकुर करत त्यांनी तासाभराची परवानगी दिली.

शेवटच्या दिवशी साइट बंद करून तपासता येत नाही. पण चालू प्रोग्रामला बाहेरून लावायचं एक साधन असतं. प्रोग्राम म्हणजे एकमेकींना कामं सांगणाऱ्या लहान लहान मेथड. कुणी कुणाला हाक मारली, हातात काय दिलं, परत काय आलं, हे सगळं त्या साधनात दिसतं. पाटाचं पाणी चालू ठेवूनच कडेनं चालत जाऊन फुटलेली जागा शोधतात, तसंच हे काम.

मी सेंटरमध्येच लॅपटॉप उघडून बसले आणि सेंटरवाल्याला पुन्हा ‘सबमिट’ दाबायला सांगितलं. नाव तपासणारी मेथड आली, बरोबर. मार्क तपासणारी आली, बरोबर. मग पत्त्याची. तिच्या हातात तांड्याचं नाव पडलं, तिनं गावांच्या यादीत त्याचा कोड शोधला आणि तो सापडलाच नाही, कारण त्या यादीत एकही तांडा नव्हता. तिथेच एक्सेप्शन उडालं. एक्सेप्शन म्हणजे ‘मला हे जमत नाही’ म्हणून प्रोग्रामनं मारलेली बोंब. पण लगेच पुढच्या ओळीनं तिचं तोंड दाबलं होतं. नोंद कुठेच करायची नाही, वर अर्जदाराची माहिती चुकीची म्हणून सांगायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी तावातावानं हे सांगत होते. गळ्यात टेप घातलेले अब्बा दुकानातून उठून दारात आले होते. ते म्हणाले, “माप बराबर घ्यायचं न्हाई, कापड कापून मोकळं व्हायचं, अन् गिऱ्हाइकाला म्हनायचं तुमचं अंगच वाकडं. असा टेलर आमच्या लायनीत एक दिवस टिकत न्हाई.”

“कोणत्या गाढवानं लिहिलंय ते आता बघतेच,” मी म्हणाले आणि त्या ओळीचा इतिहास उघडला. कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली, ते तिथे दिसतं.

दोन वर्षांपूर्वी. नाव माझं.

तेव्हा मी पुण्यात होते. दुसऱ्या दिवशी साइट दाखवायची होती आणि साहेबांसमोर एरर दिसू नये म्हणून मी ती ओळ घातली होती, नंतर काढू म्हणून. शाळेत दहावीपर्यंत माझ्या शेजारी तांड्यावरची मुलगी बसायची. तरी यादी बघताना मला एकही तांडा आठवला नाही. सकाळपासून गावभर वाटलेला राग मला आता कुठं ठेवावा कळेना.

तांड्याचा कोड नसेल तर तो ज्या गावात मोडतो त्याचा घ्यायचा आणि पत्ता आहे तसा ठेवायचा, एवढीच दुरुस्ती होती. साहेबांनी ती साडेचारला साइटवर चढवली. अर्ज गेला. मुलीनं पावती दोनदा वाचली. बाईनं मला हात जोडले.

“हात नका जोडू, मावशी,” मी म्हणाले. “तुमचं काहीच चुकलं न्हवतं. ते लाल अक्षरातलं मीच लिहून ठेवलं होतं. चूक माझी हाय.”

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. कागद परत पिशवीत भरता भरता ती म्हणाली, “मागल्या साली माझ्या जावंच्या पोरीचा फारमबी असाच परत आला व्हता. आमचीच माहिती चुकीची म्हनून गप बसलो. लगीन लावून देलं तिचं.”