पाहुणी येणार म्हणून कारखाना बंद!

पाहुणा येणार म्हटलं की आमच्या घरात सगळी कामं बंद ठेवतात. या चांगल्या वळणापायी आम्ही एकदा अख्खा देश गमावणार होतो.

देशाचं नाव सांगत नाही. (पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतले तिघंजण अजून "आमचंही बघा की" म्हणून फोन करतात.) आमची मुलगी मृणाल तिथं असते. तिला तीन वर्षांची मुलगी, म्हणजे आमची नात, आणि ती आम्हाला फक्त मोबाइलवर ओळखत होती. एकदा तिनं आईला विचारलं, "आजोबांना पाय असतात का?" मी हसलो खरा, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. प्रवासी व्हिसा दोनदा नाकारला होता. राहता राहिला एकच रस्ता : तिथं उद्योग काढायचा, भांडवल गुंतवायचं, दोन स्थानिक माणसांना काम द्यायचं आणि उद्योग चालवून दाखवायचा. चालला, तर कायमचं राहायला परवानगी!

उद्योग आमच्याकडे होताच. माझी बायको सुरेखा घराच्या तळमजल्यावर येसर आणि काळा मसाला करते. येसर म्हणजे गहू, डाळ आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याच्या आमटीला मराठवाड्यात नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हाताखाली आठ बाया, एक कांडप यंत्र, आणि दारावर पाटी : "मालक : वसंतराव". तो मी. साहजिकच अर्जात मुख्य अर्जदार म्हणून मी माझंच नाव घातलं. घरचा कर्ता ना!

"बरं," सुरेखा म्हणाली. तिच्या "बरं"चा अर्थ मला तीस वर्षांत लागलेला नाही.

मग व्हिसा कचेरीचं पत्र आलं. गुरुवारी अकरा वाजता पुण्याहून एक मॅडम इथल्या उद्योगाची पाहणी करायला येणार. त्यांच्या अहवालावर सगळं ठरणार! सुरेखा बुधवारी फर्दापूरच्या हॉटेलांना माल पोचवायला गेली होती, म्हणून मी सल्ल्यासाठी थोरल्या भावाला, लासूर स्टेशनच्या अण्णाला फोन लावला. तो तासाभरात स्वतःच हजर झाला.

"वसंता, पाव्हणी दारात अन् तुमी मिरच्या कांडत बसणार व्हय? लई वाईट दिसतं ते! बंद ठेव एक दिस."

मला पटलं. (मला अण्णाचं लगेच पटतं, तिथंच सगळी गोची आहे.) मी आठही बायांना भरपगारी सुट्टी दिली. यंत्र फिनाईलनं धुतलं, वर क्रोशाचं कापड घातलं, झेंडूची माळ चढवली. पोती माळ्यावर, उंबऱ्यात रांगोळी. खंडेनवमीलासुद्धा आमचं यंत्र इतकं नटलं नव्हतं!

संध्याकाळी सुरेखा आली. तिनं माळ बघितली, माझ्याकडे बघितलं.

"उद्याच्या ऑर्डरचं काय?"

"एका दिवसानं काय बिघडतंय!"

"बरं," ती म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला मॅडम आल्या. मी लग्नातला कोट घालून, अण्णा फेटा बांधून. कांदेपोह्यांच्या बशा तयार. नवरी तेवढी दाखवायची राहिली होती!

"उत्पादन कुठे चालतं?" मॅडमनी विचारलं.

"इथंच!"

"आज बंद दिसतंय."

"तुम्ही येणार ना! म्हणून मुद्दाम बंद ठेवलंय."

"आणि कामगार?"

"सुट्टीवर!" मी अभिमानानं सांगितलं.

"आमच्यात पाव्हण्यासमोर काम काढत नसतेत," अण्णानं भर घातली.

मॅडमनी यंत्राचा वास घेतला आणि काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "काका, मालात ओलावा किती टक्के ठेवता?"

मी छताकडे बघितलं. "मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय."

"गहू किती वेळ भाजता?"

"वास येईपर्यंत."

"या उद्योगात तुमचं नेमकं काम काय?"

"मी मालक आहे."

"ते पाटीवर वाचलं. करता काय?"

"लेबलं चिकटवतो."

"लई सरळ चिकटवतो!" अण्णा म्हणाला.

मॅडमचं पेन चाललं होतं. मला उलटी अक्षरं वाचता येतात, हे माझ्या अंगचं एकमेव कसब. कागदावर होतं : "उद्योग चालू अवस्थेत आढळला नाही." आता त्या पोरीला आजोबांचे पाय काही दिसत नाहीत, एवढंच डोक्यात आलं. तेवढ्यात मला जबरदस्त ठसका लागला!

मॅडमना शिंक आली. अण्णाला तीन आल्या. वरून, गच्चीवरून, भाजलेल्या मिरचीचा खाट जिन्यानं खाली उतरत होता.

आम्ही वर धावलो. ताडपत्रीखाली दोन चुली, मोठाल्या कढया, आणि डोक्याला टोप्या घालून आठच्या आठ बाया! मधोमध उलथनं घेऊन सुरेखा.

"या मॅडम. आधी हात धुवा, ती टोपी घाला, मग पुढं या," ती म्हणाली. सगळं ज्यांच्या हातात होतं त्या मॅडमनी मुकाट्यानं टोपी घातली! "अन् अहो, तुम्ही तिथंच थांबा. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतोय."

"अगं, पण मला सांगायचं तरी!"

"तुम्ही इतक्या हौसेनं रांगोळी काढली होती. म्हटलं, कशाला हिरमोड करा. भाजणी इथं उरकते, तुमचं खालचं कौतुक संपलं की दुपारी कांडप."

मॅडम विचारत गेल्या आणि ती उलथनं न थांबवता सांगत गेली. ओलावा किती, कुठला गहू चालतो, परदेशात मिरची कुठली घ्यायची, दोन माणसांना कुठलं काम द्यायचं. तीस वर्षं मी या बाईच्या शेजारी बसून जेवतोय आणि मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि इतकी लाजही.

"चहा मिळेल, पण घाणा उतरल्यावर," तिनं शेवटी सांगितलं.

मॅडमनी वही मिटली. "काका, खरं सांगा. तिकडे उद्योग कोण चालवणार?"

अण्णा माझ्याकडे बघत होता. मी कोट काढला.

"ह्याच," मी म्हणालो. "इथंही ह्याच चालवतात."

"मग अर्ज यांच्या नावानं दुरुस्त करून घ्या. तुमचं नाव 'अवलंबून असलेली व्यक्ती' या रकान्यात जाईल. चालेल?"

"आरं, बाईच्या मागं शेपूट लावून जाणार व्हय?" अण्णा कळवळला.

"बरं," मी म्हणालो. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

आधी तात्पुरता परवाना मिळाला. विमानतळावर नात ट्रॉलीच्या मागं वाकून माझे पाय मोजून आली, दोन्ही होते. सुरेखानं तिथं येसर चालू केलं, दोन माणसं कामाला ठेवली, लेबलं माझ्याकडे दिली. मग शेवटच्या पाहणीला तिथला अधिकारी यायचा दिवस उजाडला. मी सकाळीच रांगोळीचा डबा काढला. सुरेखानं तो माझ्या हातातून घेतला, त्या जागी नातीचा हात दिला आणि आम्हा दोघांना दिवसभरासाठी बागेत पाठवलं.

कायमच्या वास्तव्याचा कागद गेल्याच महिन्यात आला. त्यात माझा वाटा फार मोठा आहे : त्या दिवशी मी घरी नव्हतो!