दहा लाख तीनचा ताळा

सासऱ्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, तेव्हा धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला काम द्या, नाहीतर विसरत जातील. सांगायला त्यांचं काय जातंय! ते काम माझ्याच मानगुटीवर बसलं. मामा जन्मभर तामलवाडीत प्राथमिकचे शिक्षक, आणि मी हायस्कूलला गणित शिकवते, म्हणून. एसटीचं तिकीट म्हणू नका, गॅसची पावती म्हणू नका, दिसेल तो आकडा ते फोडायचे, म्हणजे त्याचे अवयव पाडायचे, आणि कशाकशानं फुटला ते सांगायला ओट्यापर्यंत यायचे. भाकरी करपली तरी ऐकून घ्यायचं.

शेवटी वैतागून मी त्यांना दहा लाख तीन ही संख्या दिली. ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. पण हाताने खात्री करायची तर हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. म्हटलं, दोन महिने निवांत.

चौथ्याच दिवशी हाक आली. "फुटली गं! तेवीसनं फुटली!"

"मामा, ती फुटत नसते."

"ताळा जमलाय. बघ की!"

ताळा म्हणजे अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचं आणि उत्तर पडताळायचं. तेवीसचे पाच. त्यांचा भागाकार आला होता त्रेचाळीस हजार चारशे अठ्ठ्याहत्तर, त्याचे आठ. पाच आठे चाळीस, म्हणजे चार. दहा लाख तीनचेही चारच. जमला होता खरा. पण नऊ वाढले तरी ताळा तोच येतो, ताळ्याला नऊची चूक दिसतच नाही, हे घरात कोण ऐकणार? मोबाईलवर करून दाखवलं, बाकी नऊ उरते. तर म्हणे, "त्या डबड्याला काय कळतंय? तुमचं सगळं बोटं दाबायचं गणित." माझं डोकं सणकलं. वही ओढली. शेवटच्या ओळीत एकशे त्र्याण्णवमधून त्यांनी तेवीस आठे म्हणून एकशे त्र्याण्णवच वजा केले होते.

"तेवीसचा पाढा म्हणा बरं," मी वर्गात खेकसते तशी खेकसले.

त्यांनी आपल्या ठरलेल्या चालीवर सुरुवात केली. अर्ध्या गावाचे तिसापर्यंतचे पाढे त्यांनीच पाठ करून घेतलेत. तेवीस सत्ते एकशे एकसष्ट. आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, पुन्हा तिथंच थांबले. ओठ नुसते हलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे माहीत असतं, तर ताळा जमला म्हणून मोकळी झाले असते.

"एकशे चौऱ्याऐंशी," मी हळूच म्हटलं.

"व्हय, व्हय." त्यांनी शून्य खोडून नऊ लिहिले. मग पान उलटलं, वर तेवीसच्या पुढची मूळ संख्या, एकोणतीस, लिहिली आणि पेन माझ्याकडं सरकवलं.

"ह्येचा पाढा तू लिहून दे," ते म्हणाले. "म्या बघून करतो."