आमच्या व्याह्यांची सातची पाळी

आमच्या व्याह्यांइतका पाळीला चिकटून राहणारा माणूस साऱ्या मोखाड्यात सापडायचा नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याला त्यांचं कौतुक करायची अजिबात हौस नाही. पोशेऱ्यात आमच्या आळीतल्या आठ घरांना खांबावरच्या एकाच पेटीतून इंटरनेटची तार आली. सगळे एकदम बघायला बसले की आवाज रखडतो. म्हणून व्याही रोज संध्याकाळी टोपी घालून, झऱ्यावर हंड्यांची पाळी लावावी तसे दारोदार फिरायचे. "सातला माझी नात येते, तेवढं बघणं आवरा." माझी नात! माझ्या लेकीच्या पोटची पोर, आणि मी जणू नुसता शेजारी.

पोर नाशकात. ती फोनवर दिसली की व्याही "कूऽक" करायचे आणि ती हसेपर्यंत बोटं मोजायचे. दुसऱ्या बोटाला ती हसायची. मग माझ्या ओटीवर येऊन ऐकवायचे, "पाव्हणं, आज दोनच बोटं!" मी सव्वासातला फोन लावायचो, तर चार बोटं. म्हणजे पोरीचा जीव कोणावर जास्त, ते सगळ्या आळीला कळलं. मी तारवाल्याला धरलं, "त्यांचं घर खांबाशी. पाणी आधी त्यांच्याच वावरात शिरणार. माझी तार कापून तेवढीच कर." तो म्हणाला, "बाबा, लांबीनं काय होत नाय. सगळ्यांचं एकाच तारेतून जातं, जव्हारचं मशीन ज्याला त्याला पाळी देतं." मी म्हटलं, "तू अजून लहान आहेस."

मग मीच उपाय केला. सात वाजले की घरातला टीव्ही आणि दोन्ही फोन लावून ठेवायचे. कुस्त्या, भजनं, येईल ते. व्याह्यांची बोटं पाचावर गेली. ओटीवर बसून मी ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. आठवडाभर चाललं. लेक सासऱ्यांना मामा म्हणते; एक दिवस ती फोनवर म्हणाली, "बाबा, मामा तुमच्यासाठी सव्वासातला घरातला वायफायचा डबा बंद करतात, ठाऊक आहे? म्हणतात, पाव्हण्यांची बोटं कमी झाली पाहिजेत."

माफी मागणं माझ्यात नाही. दुसऱ्या दिवसापासून सातला टीव्ही बंद ठेवला, एवढंच.

यंदा नागली झोडून झाली आणि माझ्या जावयानं व्याह्यांना नाशकाला नेलं. आता टोपी घालून मी फिरतो. नात त्यांच्या मांडीवर बसलेली दिसते, ते अजून मला बघवत नाही. तरी मी "कूऽक" करतो, बोटं मोजतो. दोनला नात हसते. व्याह्यांना हल्ली कमी ऐकू येतं. पोर त्यांच्या कानात सांगते, तेव्हा कुठे पाचव्या बोटाला ते हसतात.

तोवर मी हात खाली घेत नाही.