साहेब थांबला की उतरायचं

शिवणवाल्या काकूंना घोड्यावर चढायला दगड लागतो. उतरायला लागत नाही. त्यांचे गुडघे खाली यायला तयार असतात, वर जायला नाहीत. तरीही टेकडीच्या वाटेवर घोड्याने लीद टाकली की काकू उतरतात. खोगिराला अडकवलेल्या आखूड दांड्याच्या फावड्याने ती वाटेलगतच्या ओढ्याच्या उलट बाजूच्या झुडपांत लोटतात आणि पुढचा दगड मिळेपर्यंत लगाम धरून पायी चालतात. बहुतेकदा दगडाआधी घर येतं.

"घोडा तू पाळलायस की घोड्याने तुला?" नवरा विचारतो.

"तो निदान मीठ कमी म्हणत नाही," काकू सुईत दोरा ओवत म्हणतात.

घोड्याचं नाव साहेब. म्हातारा आहे, ट्रकना बुजतो. त्यामुळे मोठा रस्ता बाद, फिरायला ही एकच वाट.

याच वाटेवर पायी फिरणाऱ्यांचं मंडळ कुरकुरू लागलं. बाकीचे स्वार मागे वळून बघत नसत आणि बूट भरायचे ते चालणाऱ्यांचे. काकूंनी त्यावर आपल्या धंद्यातला उपाय काढला. शेपटीखाली बांधायला जाड कॅनव्हासची पिशवी शिवली. टाके उत्तम होते. पण पिशवी भरली, मागच्या पायांवर आपटू लागली आणि साहेबाला वाटलं, कुणीतरी पाठीस लागलंय. तो उधळला तो थेट मंडळाच्या घोळक्यातून. इजा कुणाला झाली नाही. पिशवीतला ऐवज मात्र सगळ्यांना वाटून मिळाला, आणि मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त दातांचे डॉक्टर, काटेरी झुडपात बसले.

वाट घोड्यांना बंद करायचं ठरू लागलं. तसं झालं तर साहेबाला विकावं लागणार होतं, आणि म्हातारा घोडा कोण कशासाठी घेतो हे काकूंना ठाऊक होतं. त्या डॉक्टरांकडे गेल्या.

"एकदा माझ्या मागून चाला. मग खुशाल बंद करा."

"पिशवी?"

"तिचं पायपुसणं केलं."

डॉक्टर चालले, बरंच अंतर राखून. वळणावर साहेब आपणहून थांबला. वाटेत लीद होती, सुकलेली. काकू उतरल्या.

"ही तुमच्या घोड्याची नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही. पण लीद दिसली की हा थांबतो. सवय लागलीय. मी उतरून ती काढल्याशिवाय पाऊल उचलत नाही."

"म्हणजे दुसऱ्यांचीही तुम्हीच काढता?"

"तुमच्या बुटाला काय कळतं कुणाची ते?"

काकू आता पायीच होत्या. थोडं पुढे साहेब पुन्हा थांबला, नंतर आणखी एकदा. तेव्हा डॉक्टरांनी फावडं मागून घेतलं.

"ओढ्यात नको हं, झुडपांत," काकू म्हणाल्या. "लोक खाली पाणी भरतात."

वाट बंद झाली नाही. नियम मात्र झाला: ज्याचा घोडा, त्याने उतरून वाट साफ करायची, पिशव्या बांधायच्या नाहीत. काही स्वारांनी गुडघ्यांची सबब सांगितली. डॉक्टरांनी त्यांना काकूंकडे पाठवलं.

वळणावर मंडळाने एक रुंद, सपाट दगड आणून बसवला आहे. काकू आता बऱ्याचदा घोड्यावर बसून घरी येतात. दगड मध्ये येतो, अशी सायकलवाल्यांची तक्रार आहे.