स्वप्नालीच्या अर्जातलं दुसरं नाव

राहू गावच्या मल्हारी टेळ्यांनी ओळखीशिवाय एकही काम झालेलं पाहिलं नव्हतं. तरुणपणी ते मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, तेव्हा कळपाच्या आधी एक जाणता माणूस पुढं जाई आणि मागच्या गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचं नाव सांगे. नाव ओळखीचं निघालं तर मेंढरं खतासाठी शेतात बसायची, नाही तर पुढचा रस्ता धरायचा. पुढं मेंढरं विकली, दोन एकरांत ऊस-कांदा केला, तरी हे गणित तेच राहिलं. विजेचं कनेक्शन असो की वसतिगृहाचा प्रवेश, चेअरमनचं चार ओळींचं पत्र नेलं की काम होई.

म्हणून नातीच्या अर्जात जी चूक झाली ती त्यांच्याच हातून व्हायची होती.

नात स्वप्नाली दौंडच्या कॉलेजातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि तिनं दिल्लीच्या एका संस्थेच्या फेलोशिपचा अर्ज भरायला घेतला. देशादेशांतल्या संबंधांवर वर्षभर संशोधन करायचं, राहायची सोय संस्थेची. तिनं विषय घेतला कांद्याचा. आपल्याकडं निर्यात बंद झाली की शेजारच्या देशांत काय होतं, आणि तिथली माणसं आपल्याविषयी काय बोलतात. अर्जात दोघांची नावं द्यायची होती. संस्था त्यांना ईमेल करणार आणि ते मुलीविषयी परस्पर लिहून पाठवणार. पहिलं नाव कॉलेजातल्या सरांचं होतं. दुसरं मॅडमचं द्यायचं, तर मॅडम बदलून गेलेल्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

"दुसरं नाव जमंना, आबा," ती जेवताना म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी गावातल्या ऑनलाइन केंद्रात गेले. दुसरं नाव सोडून बाकी अर्ज भरून तिथंच ठेवलेला होता.

"मांडवगणच्या शंकररावांचं नाव टाक," ते केंद्रवाल्या गोकुळला म्हणाले. "सोसायटीचं चेअरमन हायेत."

"पोरीला इचारलंय का?"

"तिचंच काम करतोय न्हवं मी."

गोकुळनं नाव टाकलं आणि अर्ज पाठवायचं बटण दाबलं. घरी स्वप्नालीच्या फोनवर अर्ज पोचल्याचा निरोप आला. तिनं तो दोनदा वाचला.

"आबा, आता नाव बदलता येत न्हाई."

"बदलायचं कशाला? चेअरमनपरीस मोठं कोण हाय?"

"मोठा माणूस नको हुता. माझं काम बघितलेला पायजे हुता."

चुलीपाशी बसलेल्या आजी गिताबाई म्हणाल्या, "शंकररावांचं पत्र म्या ऐकलंय. आपल्या लायटीच्या टायमाला लिवलंवतं, वर्तणूक चांगली हाय म्हणून. लायटीची का ह्यांची, ते काय कळलं न्हाई."

स्वप्नाली हसली, पण आजोबांना एक शब्द बोलली नाही. तेच मल्हारींना जास्त लागलं. पोरीनं दोन वर्षं जीव लावून वह्या भरल्या, आणि आपण एका सकाळीत त्यावर पाणी ओतलं. पत्र पोचायला तीन दिवस उरले होते. तसल्या चार ओळी गेल्या तर दिल्लीचं दार बंद, एवढं त्यांना आता कळलं होतं.

दुपारी आजोबा-नात मोटारसायकलवरून भीमेचा पूल ओलांडून मांडवगण फराट्याला गेली. शंकरराव सोसायटीच्या ऑफिसात बसलेले. दिल्लीचा ईमेल आला म्हणून क्लार्कनं पत्र तयारच ठेवलं होतं. 'सदर मुलगी माझ्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे.' खाली सही, शिक्का.

असा कागद मल्हारी नेहमी कपाळाला लावून घेत. आज त्यांनी हात पुढं केला नाही.

"आप्पा, ह्यो कागद नको."

"का? शिक्का ऱ्हायला का काय?"

"शिक्का हाय. पोरगी न्हाई ह्याच्यात."

शंकररावांनी चष्मा वर केला आणि दारातल्या स्वप्नालीकडं निरखून पाहिलं. "तू तीच न्हवं? मागल्या साली हितं कांदेवाल्यांना प्रश्न इचारत बसायचीस?"

"व्हय, आप्पा."

"मल्हारी, तुझ्या नातीनं मला चारचौघांत तोंडावर पाडलंय. म्या म्हणलं, आपला कांदा सगळा दुबईला जातो. ही न्हाई म्हणाली. मग चार दिवस शिरूरच्या रोडवर ढाब्यावर बसून ट्रकवाल्यांना हिंदीत इचारलं, आन् वही आणून माझ्या म्होरं टाकली. तेवीस गाड्यांतल्या चौदा बंगालच्या सीमेवर चाललेल्या. लोक हसलं. आठ दिवस हिच्या नावानं बोटं मोडत हुतो म्या."

  का कुणास ठाऊक, मल्हारींच्या तोंडून निघून गेलं, "मग आप्पा, एवढंच लिवा की."

शंकरराव एकाएकी हसायला लागले. "म्हंजी माझी फजिती मीच लिवायची?"

"खरी हाय न्हवं?"

"हाय खरी."

स्वप्नाली बाहेर जाऊन उभी राहिली. आपल्यावरचं पत्र आपण ऐकायचं नसतं, म्हणाली. मल्हारी आत बसले. शंकरराव सांगत गेले आणि त्यांनी बोलावून घेतलेली सून प्रांजल, जी इंग्रजी शाळेत शिकवते, ती ते इंग्रजीत उतरवत गेली. वही, ढाबा, तेवीस गाड्या, सगळं आलं. शेवटी शंकरराव म्हणाले, "लिही, माझं वय अडुसष्ट, आणि मला 'चुकलात' म्हणणारी ही पहिली पोरगी. ते तिनं उलट न बोलता, मोजून दाखवलं." मल्हारी खाली मान घालून ऐकत होते. आपल्या घरातली मुलगी त्यांना त्या दिवशी नीट दिसली.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली, फोनवरच. पहिलाच प्रश्न आला, ट्रकवाले खरं सांगत होते हे कशावरून? स्वप्नाली पंधरा मिनिटं बोलत होती. महिन्याभरानं निवडीचा ईमेल आला. गिताबाईंनी गुळाचा खडा हातावर ठेवला, आणि स्वप्नालीनं पहिला फोन मांडवगणला लावला.

"चांगलं झालं," शंकरराव म्हणाले. "पर जरा कांदा दुबईला बी जातो, एवढं लिवशील का न्हाई?"

"लिहीन, आप्पा. गाड्या मोजून."

शेजारी बसलेले मल्हारी गूळ चघळत हसत राहिले.